डाव्या वळणाचा मान

कोणतीही वस्तू आकाशात सुखरूप जायची असेल, तर आधी तिच्याबद्दल जमिनीवर एकमत व्हावं लागतं. परदेशांत हे तत्त्व अजून पोचलेलं नसल्यामुळे तिकडे कोणीही उठतो आणि विमान उडवतो. ग्वाल्हेरात असला उतावळेपणा कधीच चालला नाही. म्हणूनच बिनतारी यंत्राने चालणाऱ्या खेळण्यातल्या विमानाच्या बाबतीत या शहराने जी शिस्त घालून दिली, तिला तोड नाही.

या शिस्तीचे जनक मधुसूदनराव. संस्थान होतं तेव्हा ते दरबारच्या घड्याळ खात्यात दुय्यम अधिकारी होते. मग संस्थानं विलीन झाली, मध्यभारत राज्य झालं आणि ग्वाल्हेरची खाती इंदूरच्या खात्यांत मिसळण्याचं काम सुरू झालं. घड्याळ खात्याला इंदूरकडे जोडीदार सापडेना. एकीकरण समितीने यावर पुष्कळ विचार केला. घड्याळं भिंतींवर असतात, भिंती इमारतींना असतात, सबब घड्याळ खातं हे मुळात बांधकाम खातंच आहे, असा निर्णय झाला. (हौदांवर देखरेख करणारं खातं याच न्यायाने आरोग्याकडे गेलं.) ज्यांच्या चिमट्यात केसाएवढी कमान थरथरायची ते मधुसूदनराव इंदरगंजच्या कचेरीत बसून गिलाव्याच्या फायली पाहू लागले. पगार तोच होता. हातांना मात्र काही काम राहिलं नाही, आणि हे दुःख कोणत्याही समितीच्या कक्षेत येत नव्हतं.

अशा दिवसांत मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनियराच्या सामानाच्या लिलावात त्यांना विलायती मासिकांचा गठ्ठा, एक मुठीएवढं इंजिन आणि बिनतारी यंत्राचे सुटे भाग मिळाले. मधुसूदनराव हरखून गेले. मासिकात बाल्सा नावाचं हलकं लाकूड वापरा असं लिहिलं होतं. ते ग्वाल्हेरात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बाशिंगं करणाऱ्या कारागिराकडून भेंड आणलं, बांबूच्या कामट्या तासल्या, त्यावर पतंगाचा कागद चिकटवला आणि वर व्हार्निशचा हात दिला. इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल असं मिश्रण लागे. विमलताईंनी संसारात बरंच सोसलं होतं, पण घरातल्या चादरींनासुद्धा एरंडेलाचा वास येऊ लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, लोक विचारतात घरात कोणाचं पोट बिघडलंय. मैं क्या बोलूँ त्यांना?"

"सांग, विमान आहे," मधुसूदनराव म्हणाले.

इथे यंत्राची थोडी माहिती द्यायला हवी. विमानाला वळवणारं सुकाणू शेपटीला असे आणि ते पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर फिरे. जमिनीवर एक पेटी, पेटीला एक वायर, वायरीच्या टोकाला एक बटण. बटण दाबलं की विमान उजवीकडे वळे. सोडलं की सरळ जाई. पुन्हा दाबलं की डावीकडे वळे, सोडलं की पुन्हा सरळ. म्हणजे उजवीकडून पुन्हा उजवीकडे जायचं असेल, तर मधे एकदा डावं ओलांडावंच लागे. इंजिनाचा वेग कमीजास्त करण्याची सोय नव्हती. टाकीतलं तेल संपलं की ते थांबे आणि विमान तरंगत खाली येई. एका माणसाच्या एका अंगठ्याचं हे काम. मधुसूदनरावांचं एकच मागणं होतं, आकाशातल्या विमानाला एकदा आपल्या अंगठ्याने वळवावं.

पण एकट्याने करायच्या गोष्टीला ग्वाल्हेरात छंद म्हणत नाहीत, खूळ म्हणतात. खुळाचा छंद करायचा तर मंडळ काढावं लागतं, आणि मंडळाला वजन यायचं तर वजनदार माणसं लागतात. मधुसूदनराव स्वतः उपरणं घेऊन दोन घरी आमंत्रण द्यायला गेले. एक घर पांडुरंगरावांचं. त्यांच्या चार पिढ्या दरबारात मुलकी कारभारात. दुसरं घर शिंदे की छावनीतल्या कान्होजीरावांचं. त्यांच्या चार पिढ्या फौजेत. दरबारात एकाची बैठक गादीच्या उजव्या हाताला आणि दुसऱ्याची डाव्या हाताला. आता गादी नव्हती, दरबार नव्हता, पण दोघेही कोणाच्या घरी चहाला गेले तरी यजमानाच्या बरोबर त्याच हाताला बसत. यजमान मधे उठून गेला तर ते त्याच्या खुर्चीच्या अनुरोधाने बसून राहत.

पहिल्याच सभेत बटण कोणी दाबायचं हा प्रश्न निघाला. मधुसूदनरावांनी घसा साफ करून "मी" असं म्हणायची तयारी केली होती. तेवढ्यात कान्होजीराव शांतपणे म्हणाले, "देखो मधुसूदनराव, डावी बाजू आमची. दरबारात होती, आसमानात पण राहील."

"मग उजवी आमची हे सांगायला नको," पांडुरंगराव म्हणाले. "इसमें बहस काय करायची?"

मंडळ तिथेच मोडायचं. ते मोडू नये म्हणून मधुसूदनरावांनीच तोडगा सुचवला. उजव्या वळणाचा मान पांडुरंगरावांचा, डाव्या वळणाचा कान्होजीरावांचा. बटण एकच असल्याने ते आळीपाळीने हातात द्यावं. आणि दोघांनीही नको म्हटलं, तर ते तांत्रिक चिटणिसांकडे, म्हणजे स्वतः मधुसूदनरावांकडे, यावं. सभेने त्यांचं कौतुक केलं. कौतुकाने मधुसूदनराव सुखावले, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दोनचार खेपांत या थोरांना कंटाळा येईल आणि बटण आपल्याकडे येईल, असा त्यांचा हिशेब होता. मानाला माणूस कंटाळतो असं कोणत्या मासिकात लिहिलं होतं कोण जाणे.

मुरारच्या बाजूच्या माळावर पहिलं उड्डाण झालं. विमान खरोखर उडालं. मधुसूदनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना ते पुसायलाही सुचलं नाही. पांडुरंगरावांनी बटण दाबलं, विमान डौलाने उजवीकडे वळलं. मग त्यांनी बटण पुढे केलं, "आपण." कान्होजीराव म्हणाले, "छे, छे. आपलं होऊ द्या पूर्ण." "माझं झालं. आता आपण." "आपण वडील." ही बोलणी चालू असताना तेल संपलं आणि विमान म्हशींच्या डबक्यात उतरलं. दोघांनीही विमानाच्या शालीनतेची तारीफ केली.

पुढे हेच चालू राहिलं. विमान पडे, मधुसूदनराव ते घरी आणत, नवं भेंड कापत, कागद ताणून बसवत, इंजिनाच्या पोटातली माती केरसुणीच्या काडीने काढत. विमान मोडल्याचं त्यांना वाईट वाटे, आणि ते घरी आल्याचं मनातून बरं वाटे, कारण दुरुस्तीपुरतं ते त्यांचं असे. टेबलावर ठेवून ते पेटी सुरू करत आणि बटण दाबत. शेपूट उजवीकडे हले. सोडत, सरळ होई. पुन्हा दाबत, डावीकडे हले. मग ते दाराकडे पाहत, कोणी पाहिलं तर नाही ना.

अशात इंदूरच्या मंडळींना सुगावा लागला. मध्यभारत एक आहे तर विमानही एक, असं म्हणत दिनकरराव नावाचे गृहस्थ विलीनीकरणाचा प्रस्ताव घेऊन आले. त्यांच्या मंडळाकडे विमान नव्हतं, मात्र घटना छापून तयार होती. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असते, तसंच विमानाचंही व्हावं. शिवाय नियंत्रणात समान वाटा. उजवं गेलं, डावं गेलं, उरलं काय? दिनकररावांनी यंत्राचा अभ्यास केला होता. बटण सोडल्यावर विमान सरळ जातं, त्या सरळ जाण्यावर कोणाचाच मान नोंदलेला नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. सबब बटण दाबायचं ग्वाल्हेरने आणि सोडायचं इंदूरने. अंगठा एकाच माणसाचा असल्याने तो दाबून झाला की दिनकररावांनी दोन बोटांनी अलगद उचलायचा. पांडुरंगरावांनी अंगठ्याला अत्तर लावायला सुरुवात केली, ती या काळातली.

दर उन्हाळ्यात विमान पंख काढून, दुलईत गुंडाळून इंदूरला जाई आणि पावसाळ्यानंतर वेगळ्याच आकाराचं होऊन परत येई. मंडळाच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीत अकरा उड्डाणं आणि एकशे चाळीस सभा झाल्या. (एक उड्डाण सभेच्या मध्येच चुकून झालं, ते दोन्हीकडे धरलं आहे.) अपघातात माणूस दगावल्याचं एकही उदाहरण नाही, कारण अपघाताच्या वेळी सगळे एकमेकांकडे पाहत असत.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत गेलं, नवा मध्यप्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून घरंच्या घरं बांधाबांध करून निघाली. पांडुरंगराव सचिवालयाबरोबर गेले. कान्होजीरावांना माजी सैनिकांच्या कचेरीत जागा मिळाली, तेही भोपाळला. दिनकरराव इंदूरला परतले आणि तिकडे वेगळ्या कोणत्यातरी गोष्टीत समान वाटा मागू लागले. स्टेशनवर निरोप देताना मधुसूदनरावांना गहिवरून आलं. तो गहिवर खरा होता. गाडी सुटल्यावर घरी येताना त्यांनी टांगेवाल्याला जास्त पैसे दिले, तो आनंदही खरा होता. विमान ग्वाल्हेरात होतं, पेटी ग्वाल्हेरात होती आणि मानकरी तीनशे कोसांवर होते. (अंतर भावनेच्या दृष्टीने दिलं आहे.)

रविवारी सकाळी मधुसूदनराव आणि विमलताई माळावर गेले. विमान हातात धरून सोडायला कोणीतरी लागतं आणि मंडळात आता दुसरं कोणी नव्हतं. मधुसूदनरावांनी पंखा फिरवला, इंजिन फुरफुरलं, मग नीट चालू झालं. विमलताई पदर खोचून, विमान हातात घेऊन वाऱ्याच्या दिशेला बऱ्याच लांबवर चालत गेल्या, आणि तिथून त्यांनी विमान असं फेकलं की जणू आठ वर्षांचा एरंडेलाचा वास त्या एका झटक्यात घराबाहेर टाकत होत्या.

विमान चढलं. मधुसूदनरावांनी बटण दाबलं.

विमान उजवीकडे वळलं. इतक्या वर, इतकं लहान, आणि तरी त्यांच्या अंगठ्याचं ऐकत होतं. त्यांना हसू आलं. वाऱ्याचा एक झोत आला, हात हलला आणि बटण सुटलं. विमान सरळ झालं आणि मुरारच्या दिशेने निघालं.

आता परत फिरवायला हवं होतं. उजवं वळण पांडुरंगरावांचं, हे दाबताना त्यांना आठवलंच नव्हतं. अंगठा बटणावर होता. फक्त पुढचं वळण डावं होतं.

मधुसूदनराव थांबले. त्यांनी डाव्या हाताला पाहिलं. तिथे कान्होजीराव उभे राहत असत. आता तिथे गवत होतं. ते त्या गवताला म्हणाले, "आपण."

गवताने नकार दिला नाही. होकारही दिला नाही. नियमाप्रमाणे मानकऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने नको म्हटल्याशिवाय बटण तांत्रिक चिटणिसांकडे येत नाही. हा नियम त्यांनीच सुचवला होता.

"अहो, दाबा ना," लांबून विमलताई ओरडल्या. "जा रहा है वो. दाबा."

"डावीकडचा मान कान्होजीरावांचा आहे," मधुसूदनराव म्हणाले. हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की फक्त त्यांनाच ऐकू गेलं, आणि पटलंही. दाबायचं होतं, फार दाबायचं होतं, आयुष्यात दुसरं काही इतकं करावंसं वाटलं नव्हतं. विमान ठिपक्याएवढं झालं. मग आवाज राहिला, मग तोही गेला. विमलताई धापा टाकत येऊन पोचल्या तेव्हा ते बटण दोन्ही हातांत धरून उभे होते. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेटीची वायर गुंडाळायला घेतली.

विमान सापडलं नाही. मुरारपासून पुढच्या गावांपर्यंत विचारून झालं.

दिवाळीत मानकरी ग्वाल्हेरला आले तेव्हा शोकसभा झाली. कान्होजीरावांनी मधुसूदनरावांना मिठी मारली. "विमान काय, दुसरं बनेल. तुम्ही आमची डावी बाजू राखलीत." पांडुरंगरावांनी आपलं उजवं वळण परस्पर वापरल्याबद्दल मोठ्या मनाने क्षमा केली. दिनकररावांनी मात्र इंदूरहून तार केली की, उजवं वळण झाल्यावर बटण सोडलं कोणी? वाऱ्याने सोडलं, असा खुलासा गेला. वारा कोणत्या विभागाचा, याची विचारणा अजून चालू आहे. मधुसूदनरावांना शाल देण्यात आली. ती पांघरून ते खुर्चीत बसले, तेव्हा त्यांचा उजवा अंगठा हाताच्या मुठीत घट्ट मिटलेला होता आणि सभा संपेपर्यंत तो त्यांनी बाहेर काढला नाही.

सुज्ञ वाचकांना आता मधुसूदनरावांची कीव येत असेल, थोडं हसूही येत असेल. स्वाभाविक आहे. दाबायला हवं होतं, हे तर आपल्याला पहिल्या सभेपासूनच दिसत होतं. पण आपण सबंध वेळ गप्प बसलात. तसे आपण आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या, कचेरीच्या सभेतही सगळं ओळखून गप्प बसता, कारण आधी कोणीतरी आपल्याला "आपण बोला" असं म्हणायला हवं. ग्वाल्हेरकरांच्या वतीने आपलं अभिनंदन. मंडळात एक जागा रिकामी आहे.