हाताने कीड लावलेली गिटार

"नकली आहे हो," डॉक्टर पुन्हा म्हणाले. "मी स्वतः केलीय. याच खोलीत."

शंकासुरांनी गिटार खिडकीच्या उजेडात धरली आणि ते मनातल्या मनात हसले.

शंकासुर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या या अधिकाऱ्याला सहकाऱ्यांनी दिलेली ती पदवी होती आणि ते ती मानाने मिरवत. जळालेल्या गोदामाची राख हुंगून आत माल होता की रद्दी, हे ते सांगत. नोकरीने त्यांना एवढंच शिकवलं होतं की माणूस खोटं बोलतो. नवखा असला तर अडखळतो, मुरलेला असला तर तपशील देतो. समोर बसलेले निवृत्त दंतवैद्य तर तपशिलांवर तपशील देत सुटले होते.

"हा पिवळेपणा कोऱ्या चहाचा. आणि हे बारीक तडे दिसतात ना, त्यासाठी वार्निश आधी उन्हात तापवायचं आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं. हिची मान मावेना, म्हणून दार उघडंच ठेवलं होतं."

"सगळं दूध नासलं!" आतून डॉक्टरांच्या पत्नीचा आवाज आला.

"आणि ही किडीची भोकं?" शंकासुरांनी विचारलं.

"दाताच्या ड्रिलने पाडली. आयुष्यभर लोकांची कीड काढली, आता म्हटलं घालून बघू."

"म्हणून जाहिरातीत 'हुबेहूब नक्कल' असं छापलंत?"

"नक्कल आहे म्हणून नक्कल छापलं."

इतकं सरळ उत्तर शंकासुरांना गेल्या कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं, आणि तिथेच त्यांचा संशय पक्का झाला. केव्हाच बंद पडलेल्या एका नामांकित कारखान्याची ही गिटार, आत कारखान्याचं विटलेलं लेबल, आणि मालक म्हणतो नकली? यामागे कारण असणार.

"डॉक्टर, घरात वाटण्या झाल्यात वाटतं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, झाल्या की. भाऊ वेगळे राहतात."

झालं. वडिलोपार्जित वस्तू, भावांना किंमत कळली तर वाटा मागतील, म्हणून नकली म्हणून गुपचूप विकायची. शंकासुरांना डॉक्टरांची दयाच आली.

"अहो, त्यांना खरं काय ते एकदा सांगून टाका ना!" आतून पुन्हा आवाज आला.

"सांगितलं गं! ऐकतच नाहीत!"

नवराबायकोने हे संवाद बसवून घेतले आहेत, हे शंकासुरांनी ओळखलं. अस्सल गिटारला शोभेल एवढी रक्कम त्यांनी टीपॉयवर ठेवली. डॉक्टरांनी घाईघाईने त्यातली बरीचशी परत सरकवली. "अहो, लाकडाचे आणि तारांचे द्या फक्त!" पण शंकासुर तोवर गिटार छातीशी धरून जिना उतरू लागले होते. मागून डॉक्टर चपला न घालताच धावले. "अहो, पैसे! अहो, नकली आहे!" शेजाऱ्यांची दारं उघडली. एवढा बोभाटा करून माणूस खोटं कसं बोलतो, याचं शंकासुरांना कौतुक वाटलं.

ही खरेदी निव्वळ हौसेपोटी नव्हती. ऑफिसात तपास विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती. नेमणूक मोठ्या साहेबांच्या हातात होती आणि मोठ्या साहेबांना जुन्या गिटारींचा नाद होता. हातात घेताच अस्सल माल ओळखणारा माणूस त्यांच्या नजरेत भरला की झालं. ही खुर्ची आपलीच, असं शंकासुर इतकी वर्षं धरून चालले होते, आणि त्यांच्या बायकोने तर आपल्या धाकट्या बहिणीला तसं कळवूनही टाकलं होतं.

घरी गिटार सोफ्यावर ठेवताच बायकोने नाक पुढे केलं.

"हिला दवाखान्याचा वास येतोय."

"लवंगेचं तेल आहे ते. पूर्वीचे कारागीर लाकडाला चोळायचे. कीड लागत नाही."

"मग ही भोकं कशी पडली?"

"आधी पडली. मग तेल लावलं."

"असं होय," बायको म्हणाली. तिच्या 'असं होय'नंतर घरात सहसा कुणी पुढे बोलत नसे.

कॉलेजच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या लेकीने गिटार मांडीवर घेऊन तारा जुळवल्या. "बाबा, आवाज मस्त आहे. पण जुन्या गिटारच्या खुंट्या इतक्या अलगद फिरतात?"

"मुरल्यात त्या."

"आणि ही भेग पांढऱ्या कशाने तरी बुजवलीय. दातात भरतात ना, तसलं."

"तुला गिटारमधलं कळतं, बाळ. माणसांमधलं मला कळतं," शंकासुर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिटार ऑफिसात नेली. मोठ्या साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली, भोकांवरून बोट फिरवलं आणि मग पुन्हा एकदा फिरवलं. शंकासुरांना वाटलं, साहेब भारावले.

"संध्याकाळी घरी या," साहेब म्हणाले. "ही घेऊन या."

साहेबांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, खास दिव्याखाली, अगदी तशीच गिटार उभी होती. तोच पिवळेपणा, तेच तडे. साहेबांनी दोन्ही शेजारी शेजारी आडव्या ठेवल्या. दोन्हींवर किडीची भोकं अगदी सारख्या जागी होती, आणि जोडीने पाहिल्यावर त्यांचा आकार स्पष्ट दिसला. खालचा जबडा. पुढे दातांची बारीक भोकं आणि दोन्ही टोकांना दाढांची मोठी.

शंकासुर दोन्हींवर वाकले. एक कीड लाकडात जबडा कोरेल, हे एक वेळ मान्य. पण दुसऱ्या किडीने पहिलीचं बघून तस्साच कोरावा? डॉक्टर पहिल्या वाक्यापासून खरं बोलत होते.

"उघड आहे," साहेब म्हणाले. "एक अस्सल, एक तिच्यावरून मारलेली डुप्लिकेट. माझी तर अस्सल आहेच. पुराणवस्तूंच्या ज्या व्यापाऱ्याने दिली, त्याने गळ्याची शपथ घेतली होती. म्हणजे तुम्हाला फसवलंय."

"साहेब, फसवलं असं नाही म्हणता येणार. विकणारा सांगत होता..."

"सांगणारच तो! हे बघा, खुर्चीचा निर्णय मला याच आठवड्यात करायचाय. चला त्याच्याकडे. तुम्ही त्याला माझ्यासमोर बोलता करा आणि खुर्ची घ्या."

डॉक्टरांनी दार उघडलं आणि शंकासुरांना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आलात! बरं झालं. तुमचे उरलेले पैसे पाकिटात घालून ठेवलेत." मग त्यांची नजर साहेबांच्या हातातल्या गिटारकडे गेली. "अरे वा, हीसुद्धा माझीच. एक व्यापारी घेऊन गेले होते. त्यांनाही म्हटलं, नकली आहे. ते म्हणाले, हळू बोला."

साहेबांनी शंकासुरांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. "किती सफाई आहे बघा बोलण्यात."

"आत या ना, दाखवतोच," डॉक्टर म्हणाले.

आतल्या खोलीत दवाखान्यातली जुनी खुर्ची होती. तिच्यावर एक अर्धवट झालेली गिटार मान टेकून, आ वासल्यासारखी पडली होती. वर दाताच्या डॉक्टरचा दिवा, बाजूला ड्रिल, खाली चहाचं पातेलं. दोरीवर आणखी काही गिटारी वाळत होत्या. लवंगेच्या वासाने डोळ्यांना पाणी येत होतं.

"अड्डाच आहे हा," साहेब पुटपुटले. "माझ्या गिटारच्या एवढ्या नकला?"

"तुमचीही नक्कलच, साहेब. लेबलाच्या खाली मी प्रत्येकीत एक छोटी दाढ कोरतो. लेबल जरा उचलतो, बघा."

"हात लावायचा नाही!" साहेबांनी गिटार पोटाशी घेतली. "अस्सल लेबल आहे ते."

"उचलल्याशिवाय कळणार कसं?"

"मला कळलंय!"

डॉक्टरांच्या पत्नी सरबत घेऊन आल्या. "यांनाही पटत नाही का?" त्यांनी सहानुभूतीने विचारलं. "अहो, तुम्ही थोडं खोटं बोलायला शिका. लोकांना सोयीचं पडतं."

साहेबांनी शंकासुरांना खिडकीपाशी नेलं. "बोला. हा माणूस खोटारडा आहे की नाही? तुम्ही हो म्हणालात की उद्या सकाळी खुर्ची तुमची."

शंकासुरांनी खोलीवर नजर फिरवली. हो म्हणणं अगदी सोपं होतं. आजवर शेकडो माणसांबद्दल ते तसं म्हणाले होते आणि बहुतेक वेळा बरोबर ठरले होते. पण चुकीचा निष्कर्ष सही करून पुढे पाठवायचा, हे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि आता या वयात नवी सवय लावून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

"साहेब," ते म्हणाले, "हा माणूस खरं बोलतोय. तुमचीही नकली आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि निराशा जास्त होती.

"तुमच्याबद्दल किती ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "आणि तुम्ही कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवता?"

दुसऱ्या दिवशी खुर्ची दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळाली. त्याने साहेबांच्या घरी जाऊन त्यांची गिटार पाहिली आणि ती अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. शंकासुरांची बदली किरकोळ दाव्यांच्या खिडकीवर झाली. तिथे ग्राहक येतात, काय फुटलं ते सांगतात आणि अधिकाऱ्याने ते फारसं न ताणता मान्य करायचं असतं.

संध्याकाळी घरी येऊन शंकासुरांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. लेक आतल्या खोलीत गिटार वाजवत होती आणि ती खरोखरच गोड वाजत होती. बायकोने पाण्याचा ग्लास त्यांच्या पुढ्यात जरा जोरातच ठेवला.

"खुर्ची गेली म्हणून मला काही वाईट वाटलेलं नाही हं," ती म्हणाली. "मी मुळीच रागावलेली नाही."

आदल्या आठवड्यातल्या शंकासुरांनी ग्लासचा आवाज ऐकला असता, कपाळावरची आठी टिपली असती आणि ते मुकाट्याने दुसऱ्या खोलीत निघून गेले असते. पण हा आता नवा माणूस होता. समोरचा खरं बोलतोय असं धरून चालायचं, हे त्याने नुकतंच ठरवलं होतं.

"मग छानच," शंकासुर पाय पसरून म्हणाले. "जेवायला काय आहे?"