नानांच्या कडक नळ्या

तापीकाठच्या आमच्या प्रकाशा गावात संगणकाला पाणी पाजणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. केळीची बाग आहे, दारात ट्रॅक्टर आहे, चारचौघांत मान आहे. आंघोळ झाली की माणसं देवापुढे उभी राहतात. नाना टेबलावरच्या एका काचेच्या पेटीला कान लावून उभे राहतात. आतला पंप ऐकतात, ‘आवाज मोकळा शे,’ असं नानींना जाहीर करतात आणि मगच चहाचा कप हातात घेतात. मला हे माझ्या खिडकीतून रोज दिसतं आणि रोज सकाळी माझं डोकं फिरतं.

संगणकात पाणी कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. मी इथल्या शाळेत शिकवते. यंत्रांशी माझा संबंध हजेरी ऑनलाइन भरण्यापुरता. पण शेजारी राहून कानावर इतकं पडलंय की आता मीच शिकवणी घेऊ शकेन. भारी कामाचा संगणक तापतो. साध्या पेटीत त्याला पंखा पुरतो. या पेटीत पंप आहे. तो नळ्यांमधून पाणी फिरवतो, पाणी आतली उष्णता उचलतं आणि रेडिएटरच्या जाळीत नेऊन सोडतं. मोटारीत होतं तेच.

ही पेटी जुळवली नानांच्या लेकीने, सोनलने. सोनल माझी जुनी विद्यार्थिनी. न बांधलेल्या इमारतींची अगदी खरी वाटणारी चित्रं ती संगणकावर करते. घरून काम करायची तेव्हा आमच्याकडच्या मे महिन्यात तिचं मशीन दुपारी मान टाकायचं, म्हणून तिने हा पाण्याचा उपाय काढला. नाना आयुष्यभर ठिबकच्या नळ्यांत रमलेले. घरातच नळ्या आणि पंप आलेले पाहून ते खुर्ची ओढून बसले ते उठलेच नाहीत. ‘पानीले वाट सांगनी पडस, मॅडम,’ हे त्यांचं पालुपद. ‘नही तं ते त्याना मननं करस.’ पाण्याचं माहीत नाही, पण नाना स्वतःच्या मनाचं करतात एवढं मी छातीठोकपणे सांगते.

पहिल्याच वेळी काय केलं ऐका. सोनलने शहाद्याहून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला होता. नानांना तो अपमान वाटला. ‘संगमनं पानी लेवाले लोक कोठकोठला येतस, नि आपन गॅरेजनं पानी टाकसूत?’ पोरीची पाठ फिरताच त्यांनी गोमाई-तापीच्या संगमावरचा तांब्या आत रिकामा केला. देवाला काय ते पोचलं असेल. पंपात मात्र शेवाळ धरलं. सोनल रडकुंडीला आली. आणि हे गृहस्थ काचेतून आत बघत म्हणतात, ‘हिरवं व्हयनं म्हंजे पानीमा जीव शे!’

पुढे सोनलला पुण्यात नोकरी लागली. मशीन इथेच राहिलं. अधूनमधून ती यायची, ‘मोठं काम आलंय, घरचं मशीन लागतं,’ म्हणायची, आणि तीन-चार दिवस त्यापुढे बसून काम करायची. नाना मागे खाटेवर शेंगा सोलत बसायचे. बोलणं नाही, चालणं नाही. ती शेंगदाण्यासाठी मागे हात करायची, हे त्यावर मूठ रिकामी करायचे. मला वाटायचं, कामाची पोर आहे, कामापुरती येते.

यंदा दसऱ्याच्या सुमारास तिचा मला फोन आला. ‘मॅडम, दिवाळीनंतर मी मशीन पुण्याला नेणार आहे. पप्पांना सांगितलंय, गाडीही ठरवलीय. तोवर पप्पांना त्याला हात लावू देऊ नका. चालू आहे ते चालू राहू दे.’ मी शब्द दिला. वर्गात साठ पोरं सांभाळते, एका म्हाताऱ्याला सांभाळणं काय अवघड, असं मला वाटलं.

दुसऱ्याच दिवशी पाहते तर पेटी उघडी, पाणी परातीत आणि मऊ नळ्या जमिनीवर!

‘नाना!’ मी खिडकीतूनच ओरडले. ‘चालू मशीन का उघडलंत?’

‘ह्या मऊ नळ्या देखा, मॅडम. लोंबी ऱ्हायन्यात. मन्ह्या बागमा नळी अशी पडेल दिखनी तं मी माणूसले घर धाडी दिसू.’

तर नानांना आता कडक नळ्या हव्या होत्या. काचेसारख्या पारदर्शक, सरळ रेषेत जाणाऱ्या, काटकोनात वळणाऱ्या. मऊ नळी कापली, खोचली, की झालं. कडक नळीला मापं घ्यावी लागतात, गरम करून वाकवावी लागते, एका केसाइतका कोन चुकला तरी ती तोंडाशी बसत नाही. फायदा काय, असं मी विचारलं. पाणी जास्त थंड होतं? नाही. मशीन वेगाने चालतं? नाही. ‘देखाले चांगलं दिखस,’ म्हणाले. म्हणजे एका पोरीच्या रोजीरोटीचं यंत्र या माणसाने दिसण्यासाठी उघडं पाडलं! माझा संताप संताप झाला.

आणि वाकवण्याची रीत तरी कुठली? शेतातला प्लास्टिकचा पाइप चेपू नये म्हणून आमच्याकडे त्यात वाळू भरून शेकोटीवर वाकवतात. नानांनी तेच केलं. तापीची वाळू, अंगणात काड्यांचा जाळ. नळी वळली छान, पण वाळूने आतून अशी खरवडून काढली की पारदर्शक नळीतून पाणी दिसेना. ती खरवडलेली नळी घेऊन ते माझ्याकडेच आले आणि म्हणाले, ‘वाळू जाड पडनी.’ मी दार लावून घेतलं.

मग हीटगन आली. वाळूऐवजी नळीच्या आत घालायची रबरी दोरी आली. पहिल्यांदा उष्णता जास्त झाली, नळीत बुडबुडे उठले. मग कमी झाली, नळी चिमटली. घरात जिकडेतिकडे वेड्यावाकड्या नळ्या. नानींनी काही कुंड्यांत खोचून त्यांवर वेल चढवले. ‘लगन व्हयनं तैपासून ह्या माणूसनी मन्ह्या बांगड्यासकडे कधी देखं नही,’ त्या मला भिंतीवरून म्हणाल्या, ‘नि ह्या नळ्यासले दिनभर कुरवाळी ऱ्हायना!’ मी शाळेत जाताना बजावायची, येताना बजावायची. सोनलचा फोन आला की मात्र ‘सगळं ठीक आहे’ असं दात-ओठ खात खोटं बोलायची. शब्द दिला होता ना!

धनत्रयोदशीला नाना मला बोलवायला आले. मी चिडूनच गेले. खरं सांगते, बघत राहिले. नळ्या अशा बसल्या होत्या की जणू काचेत रेघा ओढल्यात. प्रत्येक वळण नेमकं. मशीन बंद ठेवून फक्त पंप चालवला होता, खाली पांढरं धोतर अंथरलं होतं, आणि त्यावर एक थेंब नव्हता. ‘चला, वेळेत झालं,’ मी म्हटलं. ‘आता सोनलला न्यायला हरकत नाही.’ नाना खालचं धोतर उचलून घडी घालायला लागले.

सोनल आली. दिवाळी झाली. निघायच्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी. मी खोका धरायला गेले होते. सोनल पेटीपाशी उभी होती, तिने एका नळीवरून बोट फिरवलं आणि वळली.

‘पप्पा, हाई गाडीमा कसं जाई? कडक नळी खड्डामा तडकी जाई. सगळं पानी मशीनवर.’

‘नही जाई,’ नाना शांतपणे म्हणाले.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. हे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! ‘नाना, लाज वाटत नाही?’ मी तोंड सोडलं. ‘पोरीच्या पोटावर पाय देता? तिने तिकडे काम कशावर करायचं?’

नाना खाटेच्या कडेवर बसले. माझ्याकडे बघून बोलले, तिच्याकडे नाही. ‘मॅडम, मशीन आठे शे म्हनीसन ती येस. मशीन गयं का मंग ती कसाले येई?’

माझ्या हातात खोका तसाच.

सोनल रागावेल असं वाटलं होतं. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. ‘पप्पा, ऑफिसमा यानापेक्षा भारी मशीन शे. जे काम लिसन मी आठे येस, ते तठे निम्म्या टाइममा व्हस.’ तिने नाक पुसलं. ‘तुम्ही कधी पुनाले उनात का? एक डाव तरी? दर टाइमले केळीनं पानी, केळीनं पानी. मशीन तठे ऱ्हायनं तं पानी बदलाले तरी येशात, म्हनीसन ली जावानं व्हतं.’

म्हणजे पाहा! पोरगी गरज नसताना कामाचं निमित्त करून गावी येते. बाप तिला गावी आणण्यासाठी पंधरा-वीस दिवस नळ्या भाजतो. ती बापाला पुण्याला आणण्यासाठी गाडी ठरवते. आणि ‘तुझी आठवण येते’ हे साधं वाक्य दोघांपैकी एकाच्याही तोंडातून फुटत नाही! मी इतक्या वर्षांत शाळेत पुष्कळ मठ्ठ मुलं पाहिली, पण एका घरात दोन अशी पाहिली नव्हती. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. सांगताना माझाही आवाज फुटला, त्याचा मला आणखी राग आला.

‘मशीन राहील इथेच,’ मी म्हटलं. ‘आणि गाडी रिकामी जाणार नाही. नाना, पिशवी भरा.’

‘मी भी येसू,’ स्वयंपाकघरातून नानी म्हणाल्या. त्या पिशवी भरायला लागल्याची खुडबुडसुद्धा ऐकू आली.

नाना उठले. सोनलच्या डोक्यावर हात ठेवला, पटकन काढून घेतला. मग माझ्याकडे वळून काकुळतीने म्हणाले, ‘पन मॅडम, केळीसले पानी कोन देई?’

‘मी देते!’ मी ओरडले. ‘चला बागेत. कुठला व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा तेवढं दाखवा, आणि निघा!’