भिंतीतली दोन हात जागा

जुन्या इमारती पाडू नयेत, त्यांच्यात राहावं, या मताचा मी कट्टर प्रचारक आहे. परदेशातून त्याच विषयाची पदवी घेऊन परतलो आणि शंभरी ओलांडलेल्या एका इमारतीत चिमुकलं घर घेतलं. (लग्नाआधी बायकोला ते फार रोमँटिक वाटलं होतं.)

"रविवारी आई राहायला येतेय," ती म्हणाली. "तिला इथं हातपाय पसरता आले तर ठीक. नाहीतर आपण टॉवरमध्ये जायचं. तुझी पदवी तिथल्या भिंतीवरही टांगता येईल."

माझ्या तत्त्वांचाच प्रश्न आला. घडीचा पलंग घ्यायचं ठरवलं आणि टेप काढली. आधी बाहेर पॅसेजमध्ये, शेजारच्या काकांच्या दारापर्यंत मोजलं. मग आतून मोजलं. आत दोन हात जागा कमी भरली. पुन्हा मोजलं, तरी कमीच.

काकांवर माझा आधीपासूनच संशय होता. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. हद्दी सरकवण्यात हयात गेलेली. शिवाय त्यांची खोली आमच्याएवढीच असून मोठी दिसायची. (त्यांच्याकडे माझी पुस्तकं नव्हती, हे नंतर सुचलं.)

"पॅसेजमध्ये काय मोजत होतात?" काकांनी दार किलकिलं करून विचारलं.

"सहज."

"मीही सहजच विचारतोय." दार लागलं. पण त्यांच्या खिशातून टेपचं टोक डोकावत होतं.

घरात येऊन मी मधल्या भिंतीवर टकटक केली. पलीकडून टकटक आली.

"ऐकलंस?" मी बायकोला म्हणालो. "भिंत पोकळ आहे. आपली जागा त्यांनी आत दाबून ठेवलीय."

"अरे, मग जाऊन विचार ना त्यांना."

"म्हणजे सावध होतील."

शनिवारी ती बाहेर पडताच मी छिन्नी-हातोडा उचलला. (हेही इमारतीच्या जतनासाठीच, अशी मनाची समजूत घातली.) दगड, चुना, पुन्हा दगड. माणूस बसेल एवढं भगदाड पडलं, पण पोकळी काही येईना. शेवटी एक दगड आपणहून पलीकडे सरकला. मी हात घातला.

आत दुसरा हात होता.

"माझी दोन हात जागा कुठाय?" आतून काकांनी विचारलं. तेही सकाळपासून पलीकडून खोदत होते.

धूळ बसल्यावर आम्ही भिंतीची जाडी मोजली. बरोबर दोन हात भरली. एक जतनतज्ज्ञ आणि एक मोजणीदार, दोघांनीही हिशेबात भिंतच धरली नव्हती.

बायको परतली आणि दारातच थांबली. भगदाडातून काकू म्हणाल्या, "इकडे ये गं, चहा टाकलाय. यांना बसू दे तिथंच."

मधोमध प्लायवूड ठोकलं. दोन्हीकडे एकेक कोनाडा उरला. रविवारी सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "ऐसपैस आहे की गं. फक्त जावईबापूंना जरा बाजूला घे."

मला कोनाड्यात बसवलं. खोली खरंच मोठी दिसली. टॉवर रद्द झाला आणि माझी जागा कायमची ठरली. प्लायवूडपलीकडे काका असतात, माझ्या पाठीला पाठ लावून.

ते प्लायवूड रोज थोडं माझ्या बाजूला सरकतंय, असा मला दाट संशय आहे. टेप मात्र बायकोने काढून घेतलीय.