उसाशाचा अधिवास

माणूस श्वास घेतो तो गरजेने आणि लांब सोडतो तो नाइलाजाने. या दुसऱ्या क्रियेला जुन्या मराठीत उसासा म्हणतात. त्यात साधारण श्वासाच्या दुप्पट हवा असते. दुःखाचे प्रमाण अजून कोणी मोजलेले नाही. साहित्यात हा शब्द नायिकांनी सांभाळला. जुने शब्द संवर्धन समितीने तपासलेल्या एकशे चाळीस नायिकांपैकी एकशे सदतीस जणी खिडकीपाशी उसासतात. (उरलेल्या तिघींच्या घरांना खिडक्या नव्हत्या.) रोजच्या बोलण्यात मात्र तो ऐकू येईना, म्हणून समिती गाडी करून जोयड्याच्या रानात आली.

समितीच्या गणेशगुडीतल्या शिबिराला साहेब लोक येणार, एवढेच शांताक्काला कळले होते. नंदिगड्ड्यापलीकडच्या वाडीतून ती अर्ज घेऊन आली. ओढ्यावरचा लाकडी सांकव मागच्या पावसात वाहून गेला होता आणि तिची सून वैष्णवी सहा महिन्यांची गरोदर होती. अर्जात लिहिले होते, ‘सून वढ्याकडं बघून उसासे टाकती.’

समितीचे अध्यक्ष महाबळेश्वर सर यांनी ते वाक्य तीनदा वाचले. त्यांचे डोळे पाणावले.

“शांताक्का, हा शब्द तुम्ही रोज वापरता?”

“व्हय. रोज लागतोय.”

“पूर्वीही वापरत होता?”

“सांकव हुता तवा कशाला वापरू, सर? सरळ पलीकडं जात हुतो.”

सरांनी हे टिपून घेतले.

“सांकवाचं तेवढं बघा,” शांताक्का म्हणाली. “मग हितंच बसून दिवसभर उसासे टाकते. तुमी मोजा.”

तसले चालत नाहीत, असे सरांनी तिला समजावले. उसासा नैसर्गिक अवस्थेतच हवा.

पुढचा तर्क बिनचूक होता. शब्द उसाशावर जगतो, उसासा अडचणीवर आणि अडचण ओढ्यावर. सबब ओढा हा शब्दाचा अधिवास ठरतो आणि अधिवासात बांधकाम करता येत नाही. (वाघासाठी माणसे हलवावी लागतात, शब्दासाठी ती जागेवर ठेवावी लागतात, एवढाच फरक.) अर्ज दुर्मीळ हस्तलिखित म्हणून काचेच्या कपाटात गेला. शांताक्काला शाल मिळाली.

“अर्ज फुडं कुणाकडं जाणार?” तिने विचारले.

“तो आता कुठेही जाणार नाही,” सर म्हणाले. “अगदी सुरक्षित आहे.”

श्रावणात वैष्णवीला कळा सुरू झाल्या. चौघांनी तिला खुर्चीत बसवले, खुर्ची खांद्यावर घेतली आणि छातीभर पाण्यातून नेली. बाळ पलीकडच्या काठावर, ताडपत्रीखाली जन्मले. दोघेही वाचले. त्या वेळी एकूण किती उसासे टाकले गेले, अशी समितीने नंतर चौकशी केली.

“एक बी न्हाई,” शांताक्का म्हणाली. “दम खायाला येळ कुठं हुता?”

माहिती देणाऱ्या बाईंचे सहकार्य मिळाले नाही, असे अहवालात नमूद आहे.

तरीही शब्द वाचला. हा वृत्तांत वाचून शहरांतले सुजाण वाचक मनापासून उसासतात, असे समितीला आढळले आहे. आपणही आत्ता एक टाकला असेल, तर त्याची नोंद झाली. पान उलटायला हरकत नाही. सांकवाबाबत आपल्याकडून एवढेच अपेक्षित होते.