नानांची अडकलेली फाईल

देवपुरातले आमचे नाना वाटीभर साखर मागायलाही सायकलवर येतात. कुठून? शेजारच्या घरातून. मधे नुसतं कुंपण. ओट्यावर पाय टेकवून सीटवर बसतात, आमच्या फाटकाला मिठी मारून थांबतात आणि वाटी पुढे करतात.

मला वाटायचं, म्हातारा चढेल आहे. एकदा विचारलंच, तर आपल्या खानदेशी बोलीत म्हणाले, "ताई, पाय ठणठणीत शेत. ऑफिस बिघडेल शे."

जन्मभर तहसील कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे नानांना मेंदूसुद्धा कचेरीच वाटतो. वरच्या मजल्यावरचे साहेब 'चाला' असा हुकूम काढतात. पण पार तळाशी एक बाबू बसतो, त्याची सही झाल्याशिवाय पाऊल उचलत नाही. कंपवात झाल्यापासून बाबू जागेवर सापडत नाही, म्हणून नाना उंबऱ्यात उभे ते उभेच.

"आणि सायकल?"

"तिची फाईल दुसऱ्या टेबलवरून जास. तोल सांभाळणारा लहान मेंदू मागच्या खोलीत बसतो. तो माणूस अजून इमानदार शे."

इमानदार माणसाने गेल्या आठवड्यात माझ्या अंगणात वाळत घातलेल्या बिबड्यांवरून सायकल नेली. ज्वारीचे पापड ते, दोन दिवस खपले होते मी. मी पडले फटकळ. जळगावला त्यांच्या मुलाला फोन लावला, "एक दिवस पडतील हो, मग बसा बोंबलत." मुलगा रविवारी आला, सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याच हातात देऊन गेला. मी दिवसभर ऐटीत होते.

सोमवारी संध्याकाळी नानांच्या बायको, अक्का, नदीकडे फिरायला निघाल्या. एकट्याच. चार पावलं टाकायच्या, थांबायच्या. रोज नाना सायकलवर त्यांच्याभोवती गोल गोल फिरायचे, आणि मी खिडकीतून बघून हसायचे, या वयात काय हे चाळे. आज नाना ओट्यावर उभे होते. पाऊल उचलायला बघत होते, पाऊल हलत नव्हतं.

मला माझीच लाज वाटली. मी जाऊन कुलूप काढलं.

"नाना, एक सांगा. सरळ का नाही जात? घिरट्या कशाला?"

"पुढे गऊ ते ती मांगे ऱ्हास," नाना सीटवर बसत म्हणाले, "आणि थांबनू ते मी पडस."

ते निघाले. अक्का कोपऱ्यावर उभ्याच होत्या. मागून घंटी वाजली, तशा वळून न बघता चालायला लागल्या.