जनार्दनपंतांनी मलाई कोफ्ता साधला, त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा माउलीचे चरणी मस्तक ठेवून लिहितो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत नाम संवत्सर, कार्तिक मासी वर्तमान घडले ते ऐसे. एक राज्य होते, तिसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचे. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथे जनार्दनपंत आणि त्यांचे कुटुंब कुमुदिनीबाई ऐसी दोघेच नांदत होती. पंत टपालखात्यातून निवृत्त, वय बहात्तर. चहापलीकडे गॅसवर काही करणे ठाऊक नव्हते. बाईसाहेब न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया जाहली. मग डॉक्टरांनी वॉकर धरून रोज चालावे म्हणोन सांगितले, परंतु बाईसाहेबांचे मन खचले. पलंग सोडीनात. डबा येई त्यातले दोन घास खात आणि भिंतीकडे तोंड करून निजत. पंत बहुत चिंतेत पडले आणि एके दिवशी पुसते जाहले, "तुला काय खावंसं वाटतं, ते तरी सांग." बाईसाहेब म्हणाल्या, "हॉटेलातला मलाई कोफ्ता. पण तीन जिने उतरून आता मी कुठली जाते! राहू द्या."

पंतांनी राहू दिले नाही. घरपोच मागविला तो गार आणि गाळ होऊन आला. बाईसाहेबांनी चव घेऊन ताट सारले. मग पंतांनी आपण स्वतः रांधावे ऐसा निश्चय केला. हमीदाबी नामे सुगरण दूरच्या शहरी बसून मोबाईलवर पाककृती दाखवीत असे, तिचा व्हिडिओ सात वेळा पाहिला आणि वहीत उतरून घेतला आणि पनीर, बटाटे, काजू, कसुरी मेथी ऐसी सामग्री जमवून ओट्यापाशी उभे ठाकले. पहिले दिवशी पनीर ओले राहिले, ते गोळे कढईत पडताच फुटले आणि तेल उडून पंतांचे मनगट भाजले. पंत हटले नाहीत. दुसरे दिवशी पनीर फडक्यात पिळून, कॉर्नफ्लोअर घालून गोळे उत्तम तळले, परंतु रस्सा कच्चट जाहला. मग पंतांनी बाईसाहेबांच्या दुखण्यासुद्धा सर्व हाल व्हिडिओखाली लिहून सल्ला मागितला. हमीदाबीचे उत्तर आले, "काका, कांदा किती वेळ परतला?" पंतांनी लिहिले, "पाच मिनिटे." ती लिहिते, "अहो, पाच मिनिटांत काय होतंय? बारीक गॅसवर वीस मिनिटं परता. तेल सुटेपर्यंत जागचे हलू नका. आणि काकूंना माझा सलाम सांगा."

तिसरे दिवशी पंत जागचे हलले नाहीत. कांदा बदामी जाहला, टोमॅटो आणि काजूचे वाटण पडले, तेल सुटले, आणि कसुरी मेथी तळहातावर चुरून घालताच सुगंध तिन्ही खोल्यांत पसरला. तो मागे वॉकरचा ठोका ऐकू आला. पंत वळोन पाहतात तो कुमुदिनीबाई दारात उभ्या, धाप लागलेली, केस विस्कटलेले. म्हणाल्या, "अहो, गॅस बारीक करा, खाली लागतंय!" पंतांच्या हातचा डाव तसाच राहिला. "तू चालत आलीस?" "मग काय उडत आले? सरका, बघू द्या." आणि डावातला रस्सा चाखून म्हणाल्या, "मीठ कमी आहे. आणि चिमूटभर साखर घाला." पंतांनी डोळे पुसत तैसेच केले. मग बाईसाहेब तेथेच खुर्चीवर बसोन दोन कोफ्ते आणि डब्यातल्या तीन पोळ्या जेवल्या. पंतांनी भीत भीत पुसिले, "हॉटेलासारखा झाला का गं?" बाईसाहेब म्हणाल्या, "नाही. पण वाढा अजून."

पंतांचे धैर्य थोर. पलंगापासून ओट्यापर्यंत अठरा पावलांचा मुलूख त्यांनी बाईसाहेबांस परत मिळवून दिला, आणि दुसरे दिवशी बाईसाहेब कोणी न बोलाविता तो मुलूख पुन्हा चालोन आल्या. जैसे घडले तैसे लिहिले; आता कलम पुसून ठेवतो.