दहा नंबरची सुई

हेडक्लार्कांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, पण जेवणाच्या टेबलावर त्यांचे अकरा रणगाडे चढाईच्या तयारीत उभे होते. प्रत्येक रणगाडा काडेपेटीएवढा, प्लास्टिकचा, सुटे भाग चिकटवून स्वतः जुळवलेला. दर रविवारी दहाला गल्लीतले दंतवैद्य आपलं सैन्य डब्यातून घेऊन येत, फासे टाकून लढाई होई आणि हेडक्लार्क हरत. सलग सहा रविवार हरले होते. लढाईची मांडामांड शुक्रवारपासूनच सुरू होत असल्यामुळे घरातली माणसं ताट मांडीवर घेऊन जेवत होती.

"आज हरलात तर टेबल माझं," बायकोनं बजावलं होतं. "जिंकलात तर पुन्हा एक शब्द काढणार नाही."

म्हणून बारावा रणगाडा, मोठ्या तोफेचा. साडेनऊला फक्त तोफेची नळी चिकटवायची राहिली होती. हेडक्लार्कांनी ती चिमट्यात धरली, श्वास रोखला आणि चिमटा जरा जास्तच दाबला. नळी टुणकन उडाली ती उडालीच. रांगत शोधताना सोफ्याखाली बायकोचं तीन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं, दोन बटणं सापडली. नळी तेवढी नाही.

पंचाईत ही, की दंतवैद्य नियमाला पक्के. जे दिसतं तेच धरायचं, हा त्यांचा बाणा. मागे हेडक्लार्कांच्या एका सैनिकाची बंदूक तुटली, तर त्या बिचाऱ्याला अख्खी लढाई नुसती बघत उभं राहावं लागलं होतं.

खुर्चीवर बायकोचं विणकाम पडलं होतं. हेडक्लार्कांचाच स्वेटर. त्यांनी एका सुईचं पेराएवढं टोक करवतीनं कापलं आणि रणगाड्यात बसवलं. अगदी फिट्ट. तेवढ्यात बेल वाजली.

दंतवैद्यांनी दाढा बघायची बॅटरी काढून रणगाडा तपासला. "नळी जाड वाटतेय."

"जे दिसतं तेच धरायचं, डॉक्टर."

दंतवैद्यांनी बॅटरी खिशात टाकली आणि फासे उचलले. त्या तोफेपुढे साडेअकरापर्यंत त्यांचा एकच रणगाडा उरला. हेडक्लार्कांना आनंद आवरेना.

"अगं, ये ना बघायला!"

बायको आली ती आखूड झालेली सुई हातात घेऊनच. "ही कुणी तोडली, तेच विचारायला येत होते," म्हणता म्हणता तिचं लक्ष टेबलावर गेलं. तिनं सुई शांतपणे तोफेला लावून पाहिली. लांबी पुरी झाली. "ही माझी दहा नंबरची सुई आहे."

"आता ती तोफ आहे," हेडक्लार्क पुटपुटले.

दंतवैद्य ताठ बसले. "वहिनी, तुम्हाला नक्की काय दिसतंय?"

"सुई."

"मग सुईच धरायची. सुईचा मारा शून्य." आणि त्यांनी आपले मेलेले रणगाडे एकेक करून उभे केले. साडेबारापर्यंत हेडक्लार्कांचा निकाल लागला.

एक वाजता टेबलावर ताटं मांडली गेली. वहिनींनी दंतवैद्यांनाही आग्रहानं बसवून घेतलं. ते भलतेच खुशीत होते.

"मग पुढच्या रविवारी, दहाला?"

"कुठे? टेबल गेलं ना माझं," हेडक्लार्क म्हणाले. "आता तुमच्याकडे खेळू."

दंतवैद्यांचा घास हातातच राहिला.

"आमचं टेबल," ते ताटाकडे बघत म्हणाले, "आमच्या हिनं चार वर्षांपूर्वीच जिंकलंय."